तिसावं माणूस

विद्यार्थिदशेत नोकरी करून शिकणाऱ्या मुलांबद्दल मला पहिल्यापासून आदर वाटत आला आहे. माझ्या आयुष्यात तो योग थोडा उशिरा आला, म्हणजे सेवानिवृत्तीनंतर तीन वर्षांनी.

पंचायत समितीतून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी घरी बसून घराचा कारभार सुधारायला घेतला होता. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, नारळांचा हिशेब ठेवला, नळाला पाणी किती वाजता येतं आणि आमच्या घरात ते कसं वाया जातं याचं एक टिपण केलं. ते टिपण वाचून माझी पत्नी यशोदा म्हणाली, "हंयसर बसान माका शिकवतात, त्यापरीस थंय जावन तुमीच शिका." थंय म्हणजे विद्यापीठाचं उपकेंद्र. एस.टी.ने पाऊण तास. मी लोकसंस्कृती या विषयाच्या एम. ए.ला नाव घातलं.

आमचा शेजारी हरिश्चंद्र मुंबईच्या गोदीत नोकरी करून गावी परतलेला, आणि दुसऱ्याच्या कुंपणावर कोपर टेकून उभं राहण्याची त्याला सवय आहे. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "काय रे गुरुदास, दप्तर खंय आसा? डबो घेतलंस? पोरां मारतली हां, मास्तराक सांग." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाने कुंपणाकडे बघू नये.

दुसऱ्या सत्रात सूचनाफलकावर विद्यार्थ्यांसाठी अर्धवेळ कामांची जाहिरात लागली. ग्रंथालयात पुस्तकं लावणे, बागेला पाणी घालणे, कँटीनचा हिशेब आणि 'संशोधन सहायक'. बागेला पाणी मी घरीही घालतो. संशोधन मात्र मी आजवर कुठेच केलं नव्हतं, आणि ते राहून गेल्याची खंत मला त्या फलकासमोर उभा असताना प्रथमच झाली. मी अर्ज भरून खिडकीशी गेलो. खिडकीत निलेश नावाचा लिपिक होता. त्याने अर्ज वरपासून खालपर्यंत पाहिला.

"पालकांची सही नाही."

"अहो, मी स्वतःच आजोबा व्हायच्या वयाचा आहे."

"असाल. रकाना आहे ना? वडिलांची आणा."

"ते वारले."

"मग आईंची."

"त्याही."

"मग तुम्हाला जे कोण सांभाळतं, त्यांची आणा. नियम आहे."

'नियम आहे' हे वाक्य मी नोकरीत असताना इतक्या लोकांना ऐकवलं होतं की ते ऐकायला कसं लागतं याची मला कल्पनाच नव्हती. आणि मला कोण सांभाळतं, हा प्रश्न सबंध तालुक्यात कुणाला पडण्यासारखा नव्हता. मी कागद घेऊन घरी आलो. यशोदेने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. "'पाल्याच्या वर्तणुकीची जबाबदारी मी घेत आहे.' अगो बाय! ह्या माका झेपात?" असं म्हणून तिने झोकात सही केली. नात्याच्या रकान्यात मी 'पत्नी' लिहिलं. निलेशने शिक्का मारला आणि तोंडावरची सुरकुती हलू दिली नाही.

मला ज्यांच्या हाताखाली काम करायचं होतं त्या संशोधक म्हणजे आकांक्षा, बार्शीकडची मुलगी, आहारशास्त्रात पीएच. डी. करणारी. रोज ताजे मासे खाल्ल्याने रक्तातली चरबी किती उतरते हा तिचा विषय. एका गटाने महिनाभर रोज मासे खायचे, दुसऱ्या गटाने अजिबात खायचे नाहीत, आधी आणि नंतर रक्त तपासायचं, आणि सगळ्यांना मानधन. गंमत अशी की ही मुलगी जन्मात मासा खाल्लेली नव्हती. बांगडा आणि पेडवा शेजारी ठेवले तर तिला एक मोठा बांगडा आणि एक लहान बांगडा दिसायचा.

"काका, मागच्या वर्षी शिरोड्याला केलं होतं मी हे. निम्मे लोक मधेच सोडून गेले," ती म्हणाली. "या वेळी शेवटपर्यंत टिकलेली निदान तीस माणसं नसतील तर माझी नोंदणीच रद्द होणार. सर तसं स्पष्ट म्हणालेत. मग घरी परत जायचं." ती हे हसतहसत सांगत होती, पण ओढणीचं टोक तिने बोटाला इतकं गच्च गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

ते बोट पाहून माझ्यातला अधीक्षक जागा झाला. मी तिला सांगितलं की तीसच काय, आमची देवबागेच्या वाटेवरची अख्खी खाजणवाडी तुझ्यासमोर आणून बसवतो. माझ्या शब्दाला तिथे काय वजन आहे तेही सांगितलं. त्यात बराच वेळ गेला. मधे दोन-तीनदा ती "काका, तुमच्यासाठी एक नियम..." असं काहीतरी म्हणत होती. नियम, आणि मला? मी हाताने तिला थांबवलं आणि बोलत राहिलो.

वाडीची बैठक बाबलीच्या मांडवात भरली. बाबली आमच्या रापणीचा म्होरक्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं, आणि तेवढ्या माणसांना एका सुरात ओढायला लावणारा माणूस म्हणजे बाबली. त्याचा होकार म्हणजे वाडीचा होकार.

"म्हणजे माशे खावक पैशे?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि न खावकव पैशे?"

"हो."

"मगे ह्या युनिवर्सिटीत काम कोण करता?"

हरिश्चंद्र म्हणाला, "आमी जन्मापासून ह्या अभ्यासात आसंव. मागची थकबाकी गावतली काय, ता आदी इचार."

तयार सगळेच होते, फक्त सगळ्यांना मासे खाणाऱ्या गटात जायचं होतं. आकांक्षाने समजावलं की कोण कुठे जाणार हे कुणाच्या मर्जीने ठरवता येत नाही, म्हणून चिठ्ठ्या. मी चिठ्ठ्या लिहिल्या, टोपात घातल्या, ढवळल्या. पहिल्या तीन चिठ्ठ्या हरिश्चंद्राच्या घरच्यांनी उचलल्या आणि तिन्ही माशांच्या निघाल्या. चौथी बाबलीने उचलली. ती भाजीची निघाली.

"चिठ्ये कोणी लिवल्यान?" बाबलीने शांतपणे विचारलं.

"गुरुदासान," दहा जण म्हणाले.

"आणि हरिश्चंद्र कोणाचो शेजारी?"

"गुरुदासाचो."

बत्तीस वर्षांच्या सेवेत माझ्यावर एकदाही खातेनिहाय चौकशी झाली नव्हती. ती त्या मांडवात तीन मिनिटांत होऊन मी दोषीही ठरलो. मी उठून निघालोच होतो, पण आकांक्षाचं बोट परत ओढणीत गेलेलं दिसलं आणि खाली बसलो. तेवढ्यात रवळनाथाचे गुरव गंगाराम, जे इतका वेळ सुपारी कातरत बसले होते, ते म्हणाले, "भांडतात कित्याक? देवाक इचारूया. कौल घेवया."

आमच्याकडे बांध कुठे घालायचा, मुलगी कुठे द्यायची, विहीर कुठे खणायची हे देवाला विचारून ठरतं. ओल्या पाषाणावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक पाकळी लावायची, गुरवाने प्रश्न घालायचा, आणि उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. देवाने दिलेल्या उत्तरावर अपील नसतं. हे सगळं आकांक्षाने बार्शीच्या डोळ्यांनी ऐकलं आणि बाहेर जाऊन मार्गदर्शक सरांना फोन लावला. परत आली ती गोंधळलेली. "सर म्हणतात, ठरवणारा माणूस नसला म्हणजे झालं. फूल असो की नाणं. पण प्रत्येकाचं वेगळं विचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे देवळात जमलो. गंगाराम हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आज तुजी ही लेकरां एका कामासाठी तुज्या पायाकडे इली हत. ह्या बार्शीच्या चेडवान जो काय अभ्यास मांडलो हा, तो तडीक जावंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या सायबाच्या मनात जा काय वाकडा आसात, ता सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आकांक्षाचाही आवाज त्यात होता.

"रक्त काढूक येतली जी कोण नर्सबाय, तिच्या हाताक गुण दी, शीर पयल्या फटक्यात गावांदे रे म्हाराजा!"

हा "व्हय म्हाराजा" सर्वांत मोठा झाला.

मग एकेकाचं नाव घेऊन कौल लावायला सुरुवात झाली. उजवी पाकळी म्हणजे मासे, डावी म्हणजे भाजी. बाबलीची परत डावी पडली. तो देवाला नमस्कार करून गप्प बाजूला झाला. माझ्या चिठ्ठीवर चौकशी लावणारा माणूस पाकळीपुढे चकार शब्द बोलला नाही, ही गोष्ट मला लागली. आकांक्षा मागे खांबाशी बसून नावं उतरवून घेत होती. शेवटी मी म्हटलं, "झालं ना? चला," तर बाबली म्हणाला, "तुजो कौल?"

"मी कामावर आहे."

"आमका भाजी घालून तू सुरमय खातलंस? तू नसलंस तर आमीव नाय."

मी मोठ्या मनाने पुढे झालो. अजून प्रश्न पुरता घालून व्हायचा होता तोच डावी पाकळी पडली. जणू ती सकाळपासून माझीच वाट बघत होती. माझ्यामागून यशोदा आली. तिची उजवी.

"आता ऐका," गंगाराम म्हणाले. "कौलान जा दिला, ता कौलानच सोडवूक व्हया. तोपर्यंत मोडूचा नाय."

त्या महिन्याबद्दल मी थोडक्यात सांगणार आहे, कारण त्या आठवणीने अजूनही जेवण उतरत नाही. एका घरात, एका चुलीवर, एक मासे खाणारं माणूस आणि एक न खाणारं. यशोदा माझ्यासाठी वालीच्या शेंगांची भाजी करी आणि मग तव्यावर तिच्यापुरता एक बांगडा टाकी. एकच. पण तळल्या जाणाऱ्या बांगड्याचा वास माणसं मोजून येत नाही. मी ओटीवर जाऊन बसे तर तिथे हरिश्चंद्राच्या घरचा वास, आणि कुंपणावर तो स्वतः.

"गुरुदासा, भेंडी कापताना डोळे मिट आणि तीवर तिरफळा घाल. अर्धो बांगडो वाटता."

तिरफळं घालतात ती माशाच्या कढीत; मी एकदा तसं करून पाहिलं. भेंडी भेंडीच राहिली, आणि डोळे मिटल्यामुळे बोट कापलं.

यशोदेचा सोमवार असतो. आमच्या लग्नाच्या आधीपासूनचा तिचा तो नेम. अभ्यासाला रोज म्हणजे रोजच मासे लागत होते, म्हणून तिने गंगारामांना सांगून वेगळा कौल घेतला, आणि सोमवारीही ताटात बांगडा घेतला. तो ती तोंड वाकडं करून दोन घासांत गिळायची आणि वर तांब्याभर पाणी प्यायची. मला वाटायचं, मला वाईट वाटू नये म्हणून ही आपली चव लपवते आहे. जेवण झालं की ती फोनवर काहीतरी टिपून पाठवायची. कुणाला म्हणून मी कधी विचारलं नाही. मी माझ्याच दुःखात होतो, आणि ते बोलून दाखवण्यातही माझा बराच वेळ जायचा.

संशोधन सहायक म्हणून माझी रोज संध्याकाळी फेरी असे. ती आमच्या फाटकाबाहेरून सुरू होई आणि बाबलीच्या मांडवात संपे. काय खाल्लं, किती खाल्लं, काही त्रास? खोटं कुणी बोलत नव्हतं, कारण आकांक्षाला फसवता आलं असतं, मला तर सहजच, पण मधे रवळनाथ बसला होता. दिवसभर जाळं ओढून, हाताला खवले चिकटलेले असताना, बाबलीच्या गटातली माणसं घरी जाऊन उसळ खात होती. तरी गळती व्हायची ती झालीच. एक जणी मुलीच्या बाळंतपणाला मुंबईला गेली, एकाला ताप आला, दोघे नवरा-बायको भांडून वेगवेगळ्या गावी गेले. आकांक्षाचा रोज रात्री एकच प्रश्न फोनवर येई, "काका, किती राहिले?" शेवटच्या आठवड्यात मी बोटांवर मोजून पाहिलं. मला धरून बरोबर तीस. एकही इकडचा तिकडे होऊन चालणार नव्हता.

आणि नेमकी त्याच आठवड्यात उपकेंद्रात खाद्यजत्रा आली.

माझ्या वर्गात सिद्धेश नावाचा एक उद्योगी मुलगा आहे. तो धावत आला. "काका, परीक्षक आलेच नाहीत. तुम्ही आमच्यातले सीनियर. तुम्हीच बसा." आयुष्यात मला कुणी कशाचंही परीक्षक नेमलं नव्हतं. माझ्या छातीवर फुलाचा बिल्ला लागला, हातात गुणपत्रिका आली आणि मी एकेका टेबलाशी जाऊ लागलो. घावन झाले, खापरोळी झाली, फणसाचं सांदण झालं. शेवटचं टेबल सिद्धेशचं. त्यावर रव्यात घोळवून तळलेली सुरमई.

मी अडखळलो नाही असं नाही. पण चव न घेता गुण देणं हा त्या मुलांवर अन्याय झाला असता, आणि चव न घेता शून्य देणं हा तर गुन्हाच. पहिला तुकडा मी कर्तव्य म्हणून खाल्ला. दुसरा फेरतपासणीसाठी. तिसऱ्याला कारण शोधत होतो तोवर तो संपलाही होता. सिद्धेशला मी दहापैकी दहा दिले. त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही.

घरी येण्याआधी लिंबाने हात धुतले. यशोदेने दारातच विचारलं, "आज कँटीनात काय होता?"

"उसळ."

"बरी उसळ आसतली," ती म्हणाली आणि आत गेली.

आकांक्षाला सांगावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. पण मी सांगितलं की तिसाचे एकोणतीस होणार, आणि एकोणतीस म्हणजे बार्शी. मग मी स्वतःची समजूत घातली की आपण गप्प राहतोय ते विज्ञानासाठी. ही समजूत दिवसा बरी चालायची. रात्री अंथरुणावर मात्र ती माझ्याकडे बघायलाही तयार होत नसे.

महिना भरला. सकाळी शाळेच्या खोलीत सगळ्यांची रक्तं घेऊन झाली आणि सगळी वाडी देवळाकडे निघाली, कौल सोडवायला. त्याच पहाटे बाबलीच्या रापणीला बांगड्यांचा असा थवा लागला होता की वाळूवर ढीग पडला होता. बर्फ घालून तो झाकून ठेवला होता. अर्धी वाडी महिनाभर उपाशी डोळ्यांनी मासे बघत होती, आणि आता फक्त एक पाकळी पडायची होती.

गंगारामांनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. "अभ्यास पुरो झालो म्हाराजा, आता लेकरांका मोकळीक दी."

पाकळी हलेना. उजवी नाही, डावी नाही. पाणी शिंपडलं, परत लावल्या, परत प्रश्न घातला. दोन्ही पाषाणाला अशा चिकटल्या होत्या की चुन्याने लावल्यासारख्या. मग गंगारामांनी आवाज बदलून विचारलं, "म्हाराजा, कोणाच्या हातसून काय चूक झाली हा? झाली आसात तर उजवो दी."

उजवी पाकळी टपकन पडली.

सगळ्यांच्या माना बाबलीकडे वळल्या. तोच भाजी गटातला सर्वांत मोठा खाणारा. हरिश्चंद्र तर म्हणालाच, "बाबल्या, पाटे रापण ओडताना एखादो भाजून खाल्लंस काय रे?"

"ह्या पायरीर हात ठेवन सांगतंय, महिनोभर माशाचा पाणीव तोंडात घातलंय नाय," बाबली म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. एवढ्या मोठ्या माणसाचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "माझ्या नावार घालू नकात. रापणीची माणसां माझ्या शब्दार जगतत."

मी आकांक्षाकडे पाहिलं. ती खांबाशी बसली होती आणि ओढणी बोटाला गुंडाळत होती. मी बोललो तर तिचं शिक्षण जाणार होतं, नाही बोललो तर बाबलीचं नाव. आणि खरं सांगायचं तर या दोघांच्या खाली तिसरंही एक होतं, माझं स्वतःचं वजन, जे मी महिनाभर उगाच मोठं समजत होतो. मी उठलो. वाडीसमोर मी नेहमी शुद्ध मराठी बोलतो, पण त्या वेळी तोंडातून आलं ते आईने शिकवलेलं.

"बाबलीन नाय. मी खाल्लंय."

"काय खाल्लंस?" गंगाराम.

"सुरमय. कॉलेजात."

"किती?" हरिश्चंद्र.

"तीन कुटके."

"कडयेत?"

"नाय. तळलली. रव्यात."

भाजी गटातून एक मोठा उसासा आला. तो रागाचा नव्हता हे मी शपथेवर सांगू शकतो.

मी आकांक्षापुढे जाऊन उभा राहिलो. "पोरी, तुझे तीस मोडले माझ्यामुळे. तुझ्या सरांकडे मी येतो, त्यांना सांगतो चूक माझी आहे, तुझी नाही." डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायला तिथे कुंपणही नव्हतं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पण काका, तुम्ही अभ्यासात नव्हताच."

"म्हणजे?"

"संशोधनात काम करणाऱ्या माणसाला त्यातच भाग घेता येत नाही. हाच नियम मी पहिल्या दिवशी तुम्हाला तीनदा सांगत होते. कौलाच्या वेळी मला वाटलं, लोकांना सोबत म्हणून तुम्ही पथ्य पाळताय. मला इतकं बरं वाटलं होतं त्याचं..."

"माझं रक्त घेतलं ना?"

"तुम्ही हात पुढे केला. सिस्टरांनी टोचलं."

मी महिनाभर खाल्लेली वालीची भाजी एका क्षणात घशाशी आली. पण अधीक्षकाचं डोकं त्याही स्थितीत हिशेब करत होतं. "मग मला सोडून एकोणतीसच झाले की! मी रोज फेरी मारून मोजत होतो."

"तीस आहेत," आकांक्षा म्हणाली. "काकू आहेत ना. एक दिवस चुकल्या नाहीत त्या. रोज रात्री मला लिहून पाठवायच्या. सोमवारीसुद्धा."

माझी फेरी फाटकाबाहेरून सुरू होत होती. स्वतःला मी पहिला धरला होता आणि यशोदेला मोजलंच नव्हतं. जिने या परक्या मुलीच्या शिक्षणासाठी तारुण्यापासूनचा सोमवार मोडला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही, ते तिसावं माणूस माझ्या समोरच्या पाटावर बसून जेवत होतं, आणि मी त्याला भेंडीबद्दल ऐकवत होतो. मला भयंकर लाज वाटली. ती सुरमईची लाज नव्हती. सुरमईची त्या मानाने काहीच नव्हती.

"आता हेंचा काय करूया?" गंगारामांनी सभेला विचारलं.

यशोदा बायकांतून पुढे आली. "माका इचारा. मी तेंची पालक. कागदार सही आसा माझी." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणखी एक महिनो भाजी. देवाक मान्य आसा काय बघा."

पाकळ्या लावल्या. गंगारामांचा हात मागे आला न आला तोच उजवी पडली. मागोमाग सगळ्यांच्या मोकळिकीचा प्रश्न घातला, त्यालाही उजवीच पडली, आणि देऊळ रिकामं झालं. बाबली सगळ्यांत पुढे किनाऱ्याकडे पळत होता. जाताना तो माझ्यापाशी थांबला, माझ्या खांद्यावर त्याचा तो जाडजूड हात ठेवला आणि म्हणाला, "बरा केलंस रे."

त्या दुपारी खाजणवाडीत एकच पंगत बसली. आकांक्षाचं ताट शाकाहारी, म्हणून तिला कडेला बसवलं होतं. तिच्या शेजारी मी. आम्ही दोघांनी आमटी-भात खाल्ला. तिच्या सरांचा फोन आला होता, तीस पुरे म्हणाले होते, आणि ती इतकी खुशीत होती की माझ्या ताटातली वालीची भाजीही तिने मागून घेतली. या सबंध महिन्यात त्या भाजीला कुणी मागणी केल्याचा हा पहिलाच प्रसंग.

पुढच्या महिन्याअखेर कामाचा दाखला घ्यायला गेलो तर निलेशने आणखी एक कागद पुढे सरकवला. 'पाल्याच्या वर्तणुकीबद्दल पालकांचा अभिप्राय.' मी वाद घातला नाही. नियम असतो. कागद घेऊन घरी आलो तेव्हा यशोदा मागल्या दारी बांगडे साफ करत होती.

"माझे हात बरबटलेले आसत. मी सांगतंय, तुमी लिवा," ती म्हणाली. जरा विचार केला. "लिवा: चुकता, पण सांगता."

मी ते शुद्ध मराठीत उतरवलं, 'पाल्य चुकतो, पण सांगतो', आणि पेन तिच्या हातात दिलं. तिने हात पदराला पुसले, पण पुरते पुसले गेले नाहीत. सहीखाली ओला अंगठा उमटला.

माझ्या शिक्षेचे अजून दोन दिवस बाकी होते. एस.टी.त मला खिडकीजवळ जागा मिळाली. उपकेंद्र येईपर्यंत मी तो कागद घडी उघडून पुन्हा पुन्हा हुंगत होतो. हुंगायला रवळनाथाने मनाई केलेली नव्हती.